हात कामात, डोळे जागे : बहिणाबाई चौधरी

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी भाकरी थापीत होते. हात पिठाचे होते म्हणून नाही म्हणायला तोंड तेवढे मोकळे होते, पण तेही धजले नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली. झाशीच्या राणीवर, जिजाऊवर लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. मग तव्यावरची भाकरी उलटताना मनात आले की, एक थोर बाई अशी आहे, जिच्यापेक्षा मी सात इयत्ता पुढे आहे. तिच्याविषयी लिहायला काय हरकत आहे? ती बाई म्हणजे जळगावच्या बहिणाबाई चौधरी. त्या एक इयत्ताही शिकल्या नव्हत्या. आणि सात काय, सतरा इयत्ता शिकूनही जे हाती लागत नाही ते त्यांना चुलीपाशी आणि शेताच्या बांधावर लागले होते.

आधी एक घोटाळा दूर करते. तुकाराममहाराजांच्या शिष्या संत बहिणाबाई निराळ्या. त्या सतराव्या शतकातल्या. मागे आपल्याच एका कार्यक्रमात दोघींची गल्लत झाली होती आणि मीही तेव्हा मान डोलावली होती. मी सांगते आहे त्या बहिणाबाईंना जाऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

त्यांचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोदे गावचा. माहेरचे आडनाव महाजन. वडील उखाजी, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी, आणि ही एक. शेतकऱ्याचे लेवा पाटील घर, माणसांनी भरलेले. पुण्यात मुलींची शाळा १८४८ सालीच निघाली होती हे खरे, पण पुण्यातली शाळा असोद्याच्या मुलीला काय कामाची? तिच्या हातात पाटी आली नाही. खुरपे आले, शेणाची पाटी आली, जात्याचा खुंटा आला. आमचे माहेर खानदेशातले, म्हणून मला ते घर न पाहताही दिसते. पहाटेचे जाते, मग झाडलोट, दुभती जनावरे, न्याहारीच्या भाकरी आणि उन्हे वर यायच्या आत शेताची वाट.

वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे १८९३ च्या सुमारास, त्यांचे लग्न झाले. जळगावचे खंडेराव चौधरी यांचे चिरंजीव नथूजी हे त्यांचे यजमान. असोदे आणि जळगाव यांत अंतर ते किती, सकाळी निघावे आणि न्याहारीला पोचावे. पण सासुरवाशिणीला ते अंतर किती मोठे असते हे आपल्याला सांगायला नको. माहेरच्या त्या वाटेवर बहिणाबाईंचे गाणे आहे. पायांखालची वाट इतकी ओळखीची झालेली की तिच्यावरचा दगडदेखील सोयऱ्यासारखा वाटावा. योगी आणि सासुरवाशीण यांचा एक संवादही त्यांनी रचला आहे. दारी आलेला योगी तिला विचारतो की, माहेर एवढे गोड आहे तर सासरी आलीस कशाला? त्यावर ती जे उत्तर देते ते मी येथे लिहीत नाही, कारण आपल्यापैकी बहुतेकींना ते पाठ आहे आणि जिला नसेल तिने ते गाण्यातच ऐकावे. माझ्या लेकीला मी ते वाचून दाखवले तेव्हा ती गप्प बसली आणि मग उठून भांडी विसळायला लागली, एवढेच सांगते.

आता मुख्य गोष्ट. बहिणाबाईंनी गाणी कधी रचली? आपल्याला वाटते कवी म्हणजे खिडकीपाशी टेबलखुर्ची, हाती लेखणी आणि आजूबाजूला निवांतपणा. बहिणाबाईंना निवांतपणा असा कधी मिळालाच नाही. त्या दळताना म्हणत, कांडताना म्हणत, शेतात निंदताना म्हणत. काम थांबवून गाणे नव्हते. कामाच्या पोटातूनच गाणे येत होते. जाते ज्यांनी ओढले आहे त्यांना हे कळेल. एका हाताने खुंटा धरून फिरवायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे वैरायचे. घास मोठा पडला तर पीठ भरड येते, लहान पडला तर दगडावर दगड घासून नुसता आवाज होतो. हात असे गुंतलेले असतात, पण एकदा लय लागली की मन मोकळे होते. त्या मोकळ्या मनाचे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. कोणी जावेचे उणेदुणे काढते, कोणी उद्याच्या बाजाराचा हिशेब घालते. (मी दुसऱ्या जातीची आहे.) बहिणाबाई समोर जे आहे त्याच्याकडे पाहत.

आणि समोर काय होते? तेच, जे आपल्या समोर असते. ओल्या गोवऱ्यांनी पेटता न पेटणारी चूल आणि डोळ्यांत जाणारा धूर. दळणाचे जाते, ज्याला त्यांच्या बोलीत घरोट म्हणतात. विहिरीवरची मोट. मोट आता राहिली नाही, म्हणून लहान मुलींसाठी सांगते. कातड्याची भलीमोठी पिशवी नाड्याने विहिरीत सोडायची, बैलजोडीने धावेवरून उताराला जाऊन ती ओढायची आणि पाणी थारोळ्यात ओतायचे. मग बैल मागे मागे येणार आणि पुन्हा तेच. दिवसभर तेच. पाहणाऱ्याला कंटाळा येईल असे ते काम, पण बहिणाबाईंना त्यात गाणे सापडले. पेरणी, कापणी, रगडणी आणि उपणणी या चारही कामांवर त्यांची वेगवेगळी गाणी आहेत. कवी लोक पेरणीवर लिहितात, हिरव्या शेतावर लिहितात. पण खळ्यावर उभे राहून वाऱ्याची वाट पाहत धान्य उपणणाऱ्या माणसावर किती जणांनी लिहिले असेल? वारा पडला की सगळे काम अडते, भूस आणि दाणा एकत्रच राहतात. वाऱ्याची ती आळवणी ज्याने खळ्यावर उभे राहून केली आहे त्यालाच सुचेल. गुढी उभारणे, आखाजीचा सण, पोळा, पंढरीला निघालेली दिंडी, बैलगाडीची जोडी, शेताची अवजारे, पहिला पाऊस, यांतले काहीही त्यांनी क्षुल्लक म्हणून टाकले नाही. भाषाही तीच, घरातली. त्या लेवा गणबोलीत ळ चा य होतो, म्हणजे जळगावाचे जयगाव आणि पोळ्याचा पोया. पुस्तकात बोलतात तसे बोलावे असे त्यांना वाटण्याचे कारणच नव्हते, कारण पुस्तक त्यांनी उघडले नव्हते.

सुगरणीच्या खोप्याचे गाणे तर आपल्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकांतही येऊन गेले आहे. त्याविषयी जरा थांबून लिहिते, कारण त्यावरून आमच्या घरी वाद झाला होता. माझा मुलगा एकदा मला म्हणाला की, बहिणाबाईंचे चुकले. सुगरणीचा खोपा मादी बांधतच नाही, तो नर बांधतो. मला राग आला. पण त्याने पुस्तकात दाखवले आणि ते खरे निघाले. पावसाळ्याच्या सुमारास नराचे डोके पिवळेधमक होते. तो गवताच्या, भाताच्या पात्याच्या, शिंदीच्या पानाच्या लांब चिरोट्या चोचीने सोलून आणतो आणि बाभळीच्या नाहीतर शिंदीच्या फांदीला गाठ मारून विणायला लागतो. फांदी बहुधा विहिरीवर किंवा पाण्यावर झुकलेली असते, म्हणजे साप-मुंगसाला सहजी पोचता येऊ नये. एका खोप्यासाठी पाचशेपर्यंत खेपा होतात आणि पंधरा-अठरा दिवस लागतात. अर्धा खोपा टोपीसारखा झाला की मादी येऊन पाहणी करते. पसंत पडला तर पुढची नळी विणून पुरी व्हायची, नाही तर तो खोपा अर्धवट लोंबकळत राहायचा. मुलीकडच्यांनी घर पाहायला यावे तसेच.

मी दोन दिवस यावर विचार केला. बहिणाबाईंनी खोपा आईच्या मायेने विणला असे म्हटले आणि तो तर बापाने विणलेला. मग गाणे खोटे ठरले का? मला नाही वाटत. नर कोण, मादी कोण हे त्यांना ठाऊक नसेल, पण त्यांना चोच दिसली. हात नाहीत, बोटे नाहीत, सुई नाही, दोरा नाही, एवढीशी चोच आणि तिने विणलेले झुलते घर. वाऱ्याने हलते पण पडत नाही. त्या विहिरीवरून पाणी भरून गेलेल्या बायका किती असतील! खोपा सर्वांनी पाहिला असेल. त्याच्याखाली थांबून, आपल्या दोन हातांकडे आणि दहा बोटांकडे पाहून, मनुष्याला लाज वाटावी असा प्रश्न एकीलाच पडला. माझ्या मुलाला मी एवढेच सांगितले की, यापुढे तू मला पक्ष्यांचे शिकव आणि मी तुला पाहायचे शिकवते. तो हसला, पण मोबाईल खाली ठेवून हसला, हेही काही कमी नाही.

असो. आता दुःखाचा भाग सांगायला हवा. बहिणाबाईंच्या गाण्यांतला गोडवा ऐकून कोणाला वाटेल की बाई सुखात होती. तसे नव्हते. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांचे कुंकू पुसले गेले. पदरात तीन मुले, काशी, ओंकार आणि सोपान. धाकटा सोपान १९०७ सालचा, म्हणजे बाप गेला तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. ओंकारला प्लेगने कायमचे अपंग करून सोडले. १८९६ साली प्लेग मुंबईत शिरला आणि तेथून देशभर पसरला. पुढे कितीतरी वर्षे तो पुनःपुन्हा येत राहिला. माणसे घरांना कुलपे लावून रानात झोपड्या घालून राहत. त्या आजारालाही बहिणाबाईंनी आपल्या बोलीतल्या नावाने, पिलोक म्हणून, गाण्यात आणले आहे. गाव ओस पडते आणि माणसे खळ्या-मळ्यांत एकमेकांना भेटतात, हे त्यांनी ऐकून नव्हे, सोसून सांगितले आहे. परवा करोनाच्या दिवसांत, २०२० साली, आपण दारे लावून बसलो होतो तेव्हा मला त्या गाण्याची फार आठवण आली. आपल्यापाशी निदान टेलिफोन होते.

तीस वर्षांची विधवा, त्या काळातली. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून आपण ऐकले आहे की, त्या बाईचे घरात काय स्थान असे. सणाला तिने मागे राहायचे, ओटी भरायला पुढे यायचे नाही. बहिणाबाई रडल्या नसतील असे नाही. पण दारात हात पाहणारा जोशी आला तर त्याला त्यांनी गाण्यातूनच परत लावले. माझे दैव मला कळले आहे, तुझ्याकडून ऐकायचे उरलेले नाही, अशा भावाचे ते गाणे आहे. ते मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला नवल वाटते ते त्यातल्या दुःखाचे नाही, तर त्यातल्या पाहण्याचे. आपल्यावर एवढा डोंगर कोसळला असताना बाई स्वतःच्याच हाताकडे, कपाळाकडे, गेलेल्या कुंकवाकडे आणि फुटलेल्या बांगड्यांकडे डोळे उघडे ठेवून पाहते आहे. दुःखात आपण प्रथम डोळे मिटतो. निदान मी तरी मिटते. आमच्या घरी एक वाईट वर्ष येऊन गेले. त्या वर्षातला एकही सण मला आठवत नाही, अंगणातला पारिजातक फुलला होता की नाही हेही आठवत नाही. तो फुलला असणारच. झाडाला आपले दुःख कोठे कळते?

नवरा गेल्यावर बहिणाबाई आणखी एक्केचाळीस वर्षे जगल्या. त्यांनी शेती पाहिली, मुले वाढवली. लोक म्हणतात, अडाणी बाईला दैवी देणगी होती, सरस्वतीच जिभेवर बसली होती. बहिणाबाईंनी स्वतःही सारे श्रेय सरस्वतीलाच दिले आहे. ते त्यांनी द्यावे, त्यांच्या तोंडी ते शोभते. पण आपण तेवढ्यावर भागवू नये असे माझे मत आहे. दैवी देणगी म्हटले की आपण सुटलो. मग आपल्याला काही करायला नको. लिहिता येत नाही म्हणजे अडाणी, हेही मला पटत नाही. त्या कीर्तने ऐकत होत्या, भाऊ पोथी वाची ती ऐकत होत्या, जात्यावरच्या शेकडो ओव्या त्यांच्या कानावरून गेल्या होत्या. कापूस कधी वेचायचा, बी किती खोल पडले पाहिजे, बैल कशाने बुजतो, हे सारे त्यांना ठाऊक होते. एवढी विद्या पोटात असलेल्या बाईला अडाणी म्हणणारेच अडाणी. एक गोष्ट नेहमी सांगतात. सोपान शाळेत असताना घरी सावित्री-सत्यवानाचा धडा मोठ्याने वाचत होता. आईने तो कामाच्या नादात ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्रीचे गाणे तयार! मुलगा धडा वाचतो म्हणजे परीक्षेची तयारी करतो असे आपण समजतो. आपण तिकडे कान देतो का? माझी मुले मोठ्याने वाचत होती तेव्हा मी त्यांना हळू वाचायला सांगितले आहे, कारण मालिका चालू असायची. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण लिहून टाकते.

आता ज्यांनी ही गाणी ऐकली त्यांच्याविषयी. माझ्या मते बहिणाबाईंच्या चरित्राचा हाही मोठा भाग आहे आणि त्याकडे आपले लक्ष जात नाही. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. गाणे म्हटले की ते वाऱ्यावर जायचे. घरातल्या इतरांनी काय म्हटले असेल याची कल्पना करा. म्हातारी काहीतरी पुटपुटते आहे, असेच ना? पण सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी कान दिला आणि जमेल तसे कागदावर उतरवून ठेवले. सोपानदेव पुढे स्वतः नावाजलेले कवी झाले, पण आईची गाणी त्यांनी बरीच वर्षे जगापुढे मांडली नाहीत. का मांडली नसतील? घरच्या बोलीतली गाणी, सभेत म्हणायला संकोच वाटला असेल, असे आपले मला वाटते. मोठमोठ्या कवींच्या मेळ्यात वावरणाऱ्या माणसाला आईचे जात्यावरचे बोलणे पुढे करताना मन कचरले तर त्यात नवल नाही. आपणही शहरात आल्यावर माहेरच्या बोलीत बोलताना इकडेतिकडे पाहतोच की.

बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावातच वारल्या. आपण कवयित्री आहोत हे त्यांना आयुष्यभर कोणी सांगितले नाही. घरच्या शेतकरी बाई म्हणून जगल्या आणि घरच्या शेतकरी बाई म्हणूनच गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी भीतभीतच ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे म्हणजे वाघासारखा टीकाकार, सुमार लिहिणाऱ्यांची टर उडवणारा. त्यांनी ती वाचली आणि ते वेडे व्हायचे बाकी राहिले. हे सोने महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हाच आहे अशा भावनेने त्यांनी ती छापून काढण्याचा आग्रह धरला आणि प्रस्तावना लिहिली. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. त्यात ३५ गाणी होती. १९६९ च्या आवृत्तीत आणखी १६ आली. म्हणजे झाली ५१.

भगिनींनो, एक्काहत्तर वर्षांचे आयुष्य. रोज पहाटेचे दळण, रोज शेत. आणि शिल्लक राहिली एवढीच. बाकीची कोठे गेली? जात्याच्या घरघरीत, खळ्यावरच्या भुसात. हा हिशेब मी जेव्हा मांडला तेव्हा मला रात्री झोप आली नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहेच. १९६१ साली ‘मानिनी’ चित्रपटात त्यांची गाणी आली आणि घराघरात पोचली. शाळेच्या पुस्तकांत आली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले. जिने शाळेचा उंबरा ओलांडला नाही तिच्या नावाचा शिक्का आज हजारो मुलांच्या पदवीच्या कागदावर उठतो. चिंचवडच्या प्राणिसंग्रहालयालाही त्यांचेच नाव आहे. पिंजऱ्यातल्या प्राण्यांना पाहून बहिणाबाई काय म्हणाल्या असत्या ते मला सांगता येत नाही, पण काहीतरी म्हणाल्या असत्या खास. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात त्यांचे घर आहे आणि त्यांच्या वापरातल्या वस्तू तेथे जपून ठेवल्या आहेत. माहेरी गेले की पुढच्या खेपेला नक्की जायचे असे मी दर वर्षी ठरवते आणि दर वर्षी आंब्याच्या नाहीतर पापडाच्या गडबडीत राहून जाते.

मला झोप का आली नाही ते आता सांगते. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. गावात पिठाची गिरणी केव्हाच आली होती, पण कळण्याचे पीठ आणि डाळीचा भरडा तिला जात्यावरचाच लागे. मी तिच्या मांडीवर डोके ठेवून निजत असे. जाते फिरले की तिची मांडी हलायची आणि मी त्यावर झुलायची. ओवीत ती घरातल्या एकेकाचे नाव गुंफायची, भावाचे, काकाचे, बैलाचेसुद्धा. एका ओवीत माझे नाव होते. चाल मला आज म्हणून दाखवता येईल. नाव कोठे यायचे, तेथे तिचा आवाज कसा चढायचा, तेही सांगता येईल. शब्द मात्र गेले. मी तेव्हा सहावीत होते, माझ्या दप्तरात वही होती, पेन्सिल होती, अक्षर सुवाच्य म्हणून गुरुजींनी शाबासकी दिली होती. सोपानदेवांपाशी जे होते ते सारे माझ्यापाशी होते. एक कान नव्हता. आजी गेली आणि तिचे जाते आमच्या परसात उलटे पडले, त्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली आहे.

म्हणून यंदा श्रावणात आपल्या मंडळाची मंगळागौर झाली तेव्हा आपल्या गल्लीतल्या एका आजींनी खेळ झाल्यावर, सगळ्या फराळाला बसल्या असताना, कोपऱ्यात स्वतःशीच दोन ओव्या म्हटल्या, त्या मी सोडल्या नाहीत. जवळ कागद नव्हता, तेव्हा दुधाच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतल्या. आजींचे वय सत्त्याऐंशी. समोर बसून विचारले की त्यांना काही आठवत नाही, त्या लाजतात आणि म्हणतात की आमच्यात काय आहे. पण मेथी निवडायला दिली की आपोआप सुरू होतात. हाताला काम लागते तसे गाणे येते. मग मी रोज दुपारी भाजी घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. घरात सध्या पालेभाजी फार होते अशी आमच्याकडे तक्रार आहे.

मंडळाच्या कपाटात, हळदीकुंकवाच्या सामानाशेजारी, मी ती वही ठेवली आहे. हा लेख लिहायला बसले तेव्हा अकरा ओव्या होत्या. काल अंबाडी निवडताना बारावी मिळाली, पण शेवटचा चरण आजींना आठवेना. आज गवार घेऊन जाणार आहे.